काळी चार

कोजागिरीला मैत्रिणीच्या गच्चीवर गाणं होतं. अंथरलेल्या सतरंज्या, मधे निवत ठेवलेलं दुधाचं पातेलं, आणि गुडघ्यांच्या कृपेने पाण्याच्या टाकीला टेकून बसलेली आम्ही पन्नाशीची मंडळी. गाणारी मुलगी असेल तेवीस-चोवीसची. बागेश्री गात होती आणि छान गात होती. तबला होता, पेटी होती. तंबोरा फोनमध्ये होता आणि फोन एका लहानशा ब्लूटूथ स्पीकरला जोडलेला. मध्यलय सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, तोच तिला कुणाचा तरी फोन आला. आधी तंबोरा गप्प झाला, मग स्पीकरमधून मोठ्याने रिंग वाजली. मुलीने गाता गाताच डाव्या हाताने फोन कापला, पण तंबोरा काही परत सुरू होईना. ॲपवर पुन्हा बोट दाबायला हवं होतं आणि तोवर ती तानेत शिरली होती. पुढची दोन-तीन मिनिटं ती तशीच गायली. बिघडलं काहीच नाही. पेटी होतीच, सूर तसूभरही हलला नाही. बाकी कुणाच्या लक्षात आलं असेल असंही वाटत नाही, कारण निम्मं लक्ष दुधाकडे होतं.

माझा उजवा हात मात्र मांडीवर हलत होता. मधलं बोट एकदा, मग तर्जनी तीनदा. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा. मला ते कळलंही नव्हतं. शेजारच्या बाईंनी पाहिलं आणि हळूच विचारलं, "तंबोरा वाजवता वाटतं?"

"छे हो," मी म्हटलं, "बोटांना चाळा आपला."

दूध प्यायले, चारोळ्या चावल्या, घरी आले. ते 'छे हो' काही घशाखाली उतरेना.

माझ्याकडे तंबोरा होता. पंचवीस वर्षं होता. १९९१च्या मे महिन्यात बाबा आणि मी कराडहून मिरजेला जाऊन तो आणला. गाण्याच्या बाईंनी बाबांना बोलावून सांगितलं होतं की पोरीची मध्यमा परीक्षा झाली, आता क्लासच्या तंबोऱ्यावर भागायचं नाही. बाबा कारकून. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि पोस्टातल्या खात्यातून अठराशे रुपये काढले. सतारमेकर गल्लीत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवला तो वास: लाकडाचा भुसा, पॉलिशचं स्पिरिट, आणि या दोन्हींच्या खाली एक ओलसर, किंचित आंबूस वास. तो भोपळ्यांचा, हे नंतर कळलं. मंगळवेढ्याकडून येणारे ते भलेमोठे कडू भोपळे माळ्यावर रचून ठेवले होते. कडूच का, असं बाबांनी विचारलं तेव्हा कारागीर हसून म्हणाले, "गोड असता तर भाजीत गेला असता की."

त्यांनी मला समोर बसवलं आणि सा लावायला सांगितला. अनोळखी माणसासमोर, रस्त्याकडेच्या दुकानात, बाहेरून सायकली जाताहेत, आणि मी पंधरा वर्षांची. लाजत लावला. त्यांनी पेटीवर एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली. "काळी चार," ते म्हणाले, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा माझा सा, आणि उठून रांगेतले दोन तंबोरे पुढे काढले. शिंप्याने माप घ्यावं इतकं ते साधं होतं. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, तारांची जाडी, सगळं त्या एका सा वरून ठरणार. बाबांना मात्र त्यात खर्चाचा धोका दिसला. "वयाबरोबर हिचा आवाज बदलला तर?" त्यांनी विचारलं. कारागीर तार पुसत होते. मान वर न करताच म्हणाले, "बदलला की या परत."

परतीच्या पॅसेंजरमध्ये तंबोऱ्याला खिडकीची जागा मिळाली. त्याला नवी गवसणी होती, जाड मरून कापडाची. आपण 'आकाशाला गवसणी घातली' असं निबंधांतून सर्रास लिहितो. ती गवसणी म्हणजे ही वाद्याची खोळ, हे मला त्या डब्यात पहिल्यांदा कळलं. समोर बसलेल्या एका म्हातारीने "इणा हाय का?" असं विचारलं, आणि आम्ही उत्तर द्यायच्या आत वाकून गवसणीवर कपाळ टेकवलं. वारीतल्या विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा तिच्या डोळ्यांपुढे असणार. बाबा "नाही हो, तंबोरा" असं म्हणणार होते, ते गप्प बसले. ओगलेवाडीच्या स्टेशनावर उतरेपर्यंत दोघंही काही बोललो नाही.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिलेला नाही त्यांना तो गाण्यामागचा एक गुंजारव वाटतो, आणि तसं वाटण्यात त्यांची चूक नाही. चार तारा, त्याच क्रमाने, तेवढ्याच. पंचम, सा च्या दोन सारख्या तारा म्हणजे जोड, आणि खालच्या सा ची पितळी खर्ज. मालकंस असेल तर पंचमाची तार मध्यमावर उतरवायची, मारवा असेल तर निषादावर. वाजवायला अक्कल लागत नाही असं लोक म्हणतात. पण त्या घोडीवर, जिथे तार टेकते तिथे, सगळा कारभार असतो. घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी अंगचा उतार असतो. तार तिला नुसती शिवत शिवत कंप पावते आणि त्या घासटीतून सुराचे आतले सूर बाहेर पडतात. ही जवारी. तारेखाली सुती दोरा सरकवत जायचं. केसभर अलीकडे, केसभर पलीकडे. एका जागी तार एकदम उघडते. तोवर ती नुसती वाजत असते, तिथे ती बोलायला लागते. चारही तारा जुळल्या की खर्जातून गंधार ऐकू येतो. कुठल्याच तारेवर गंधार लावलेला नसतो आणि तरी तो असतो. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा ऐकू आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन आईला ओढत आणलं. तिने पदराला हात पुसत मिनिटभर ऐकलं आणि म्हणाली, "मला तर सगळंच सारखं ऐकू येतंय."

मिरजेत ही विद्या शिकलगारांच्या घरात आली, म्हणजे तलवारींना धार लावणाऱ्यांच्या. हत्यारांचे दिवस गेले आणि पटवर्धन संस्थानिकांच्या काळात त्यातल्या काहींनी सतारी-तंबोरे करायला घेतले. याचं लोक नवल करतात, मला कधी वाटलं नाही. धार काय नि जवारी काय, कानस एकदा जास्त फिरली की गेलं. अब्दुल करीम खाँसाहेब स्वतःच्या हाताने जवारी काढायचे असं मिरजेत अजून सांगतात. इतक्या मोठ्या गवयाने हातात कानस घ्यावी याचं कुणी कौतुक केलं की बाईंना राग यायचा. "मग काय स्वयंपाक्याने चाकू दुसऱ्याकडून घासून घ्यायचा?" त्या म्हणायच्या.

बाईंच्या क्लासची महिन्याची फी साठ रुपये होती आणि आठवड्यातून दोनदा एक तास. त्या तासातली वीस-पंचवीस मिनिटं तंबोरा जुळवण्यात जायची. पावसाळ्यात चाळीस. खुंट्या फुगायच्या, घट्ट बसायच्या. उन्हाळ्यात सैल व्हायच्या, मग त्यांना खडू लावायचा. खाली मणी सरकवून शेवटचा रतीभर फरक काढायचा. बाई स्वतः काही करायच्या नाहीत. डोळे मिटून बसायच्या आणि "अजून" म्हणायच्या. नुसतं "अजून". चढं की उतरं हेसुद्धा सांगायचं नाही. आईचा यावर कायमचा वैताग होता. "पैसे गाण्याचे देतो का खुंट्या पिळायचे?" आज मला आठवतं ते बहुतेक सगळं त्या पंचवीस मिनिटांतलं आहे. कोणत्या रागाच्या कोणत्या बंदिशी घेतल्या, ते वह्या उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

पुढे चार वर्षं मी बाईंच्या मागे तंबोऱ्याला बसले. गणपतीतले कार्यक्रम, एखादं लग्नघर, कुठल्या तरी वाचनालयाचा वर्धापनदिन. निवेदक तबलजीचं नाव सांगे, पेटीवाल्याचं सांगे, आणि आमच्यापर्यंत येईतो त्याचा कागद संपे. पण मागून जे दिसतं ते पुढून कधी दिसत नाही. दमसास घेताना पाठीवरचं पोलकं कुठे ताणलं जातं, तान घ्यायच्या आधी मान कशी क्षणभर स्थिर होते, समेच्या आधी डावा खांदा किंचित खाली. बाईंचं गाणं मी पाठीवरून शिकले. त्यांच्या चेहऱ्यावर गाताना काय भाव असतात, हे मला त्या गेल्यावर एका जुन्या फोटोत कळलं.

लग्नानंतर तंबोरा डोंबिवलीत आला. ट्रकमध्ये, गाद्यांच्या मधे. दीड खोलीत तो पलंगाच्या डोक्याशी उभा असायचा. नंतर फ्लॅट झाला, तिथे हॉलचा एक कोपरा मिळाला. मुलं झाली. पहाटेचा रियाझ म्हणजे शेजारच्यांशी भांडण, संध्याकाळचा म्हणजे कुकरशी. मग मी तंबोऱ्याची पेटी घेतली, बटणाची. काय सांगू, किती सोय! एक बटण सुरासाठी, एक वेगासाठी, पंचम हवा की मध्यम ते वेगळं. जुळवायचं काही नाहीच, ती जुळलेलीच असते. दहा वर्षांनी फोनवर ॲप आलं, ते तर पेटीहून गोड. मी त्याची निंदा करणाऱ्यांतली नाही. डोळे बांधून ऐकवलं तर ॲप कुठलं आणि खरा तंबोरा कुठला, हे मला सांगता येईलच असं नाही. माझ्यापुरती त्याची एकच अडचण झाली. ते कधी उतरत नाही. तंबोरा दोन दिवस पडून राहिला की उतरतो, मग उठून त्याला बघावं लागतं. ॲपला बघावं लागत नाही, आणि मी ते बघणं सोडून दिलं. रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं सणावारी. गणपतीची आरती मी म्हणायला लागले की लोक अजून वळून बघायचे, तेवढं पुरे वाटायला लागलं.

कोपऱ्यातला तंबोरा मात्र बघत राहिला. गवसणीत असला तरी. केर काढताना तो उचलून ठेवावा लागे, आणि दर वेळी कुठली तरी तार लागून मंद वाजे. ते मला सहन होईना, हे आज लिहिताना सोपं वाटतंय. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की जागा नाही.

२०१६च्या दिवाळीआधी मी तो विकायला काढला. फोटो काढून दोन-तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दोघांनी विचारणा केली. एक बाई हॉटेलांची अंतर्गत सजावट करायच्या. त्यांना तो एका उपाहारगृहाच्या दारात पितळी समईशेजारी ठेवायचा होता, तारा नसल्या तरी चालतील म्हणाल्या, नऊ हजार देणार होत्या. दुसरे बदलापूरचे एक गृहस्थ, मुलगी गाणं शिकते, साडेचार हजारांपर्यंत जमेल. मी बदलापूरला होय म्हटलं. घरी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली. पुढची कित्येक वर्षं हा किस्सा मी सांगत आले: दुप्पट पैसे सोडले, पण वाद्य योग्य हातात गेलं.

त्या किश्श्यात मी एक गोष्ट गाळते. बापलेक लोकलने आले, रविवारी सकाळी. मुलगी चौदाची असेल, दोन वेण्या, हातात घरून आणलेली जुनी चादर. वडिलांना वाद्यातलं काही कळत नव्हतं, पण कुणीतरी त्यांना प्रश्न शिकवून पाठवला होता. त्यांनी विचारलं, "जवारी ठीक आहे ना?" आणि मी म्हटलं, "हो, आत्ताच काढून घेतलीय." जवारी शेवटची काढली होती २००४ मध्ये. घोडीवर तारांनी बारीक चरे पाडले होते, दोरा कुठेही सरकवला तरी आवाज बंद, कांबळ्याखालून यावा तसा. असं का म्हटलं? साडेचार हजारांतून जवारीचे पैसे कापतील या भीतीने नक्कीच नाही. मला वाटतं, मी त्याची हेळसांड केली हे त्या अनोळखी माणसापुढे कबूल करायचं नव्हतं. मुलीने तेवढ्यात गवसणी अर्धी उतरवून चारही तारांवरून बोट फिरवलं. एकदाच. मग माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही, वडिलांनी पाकिटातून नोटा काढल्या, आणि तंबोरा चादरीत गुंडाळून दोघं लिफ्टने खाली गेले. मी गॅलरीतून पाहिलं नाही. आठवड्याभरात त्या कोपऱ्यात व्यायामाची सायकल आली. तिच्यावर आज टॉवेल फार छान वाळतात.

पश्चात्ताप झाला असं म्हणावं, तर तो लगेच झाला नाही. बरं वाटलं होतं. घर मोठं दिसायला लागलं. पश्चात्ताप नंतर सुट्ट्या पैशांसारखा कुठून कुठून निघत राहिला: सवाईला स्टेजवर मागे बसलेल्या मुली दिसल्या की, पावसात दाराची खिट्टी फुगली की, कुणी 'अजून' असा नुसता शब्द म्हटला की. फोनमध्ये तो नंबर अजून 'तंबोरा बदलापूर' याच नावाने आहे. एकदा धीर करून त्याचा डीपी उघडला. कुणाचं तरी तान्हं बाळ होतं. ती मुलगी आता तेवीसची असेल, बाळ तिचं असेल, भावाचं असेल, किंवा नंबरच दुसऱ्या कुणाचा झाला असेल. मी फोन केला नाही. करून म्हणणार काय होते? नऊ वर्षांनी जवारीचे पैसे परत देते म्हणून?

कोजागिरीनंतर महिनाभराने मामेभावाच्या घरच्या लग्नाला सांगलीला गेले. दुपारी जेवणं उरकल्यावर कुणालाही न सांगता रिक्षा केली आणि मिरजेला आले. गल्ली लगेच सापडली, दुकान सापडलं नाही. तेच होतं की शेजारचं, कोण जाणे. चौतीस वर्षांत पाट्या बदलल्या, एका काचेवर मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचं कात्रण लॅमिनेट करून लावलं होतं. वास मात्र जसाच्या तसा. आत तिशीतला एक कारागीर नव्या दांडीवर पॉलिश पेपर फिरवत होता. मी म्हटलं, नुसतं बघायला आलेय. तो म्हणाला, बघायला कुठे पैसे पडतात. त्याने एक तयार तंबोरा माझ्यापुढे केला. घेताना डाव्या हाताने आपोआप गवसणी खाली सरकवली, भोपळा मांडीशी टेकला, आणि गाल दांडीला लागला. दांडी गार होती.

"कितीत गाता?"

"काळी चार," मी म्हटलं. नाव-गाव सांगावं तसं, विचार न करता.

त्याने जुळवून दिला. जवारी ताजी होती, उघडी, सगळी खोली भरली. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा. पाच-सहा आवर्तनांत खर्जातून गंधार डोकावला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पॉलिशच्या वासावर ढकललं. "लावा की सा," तो म्हणाला. मी लावला. लागला नाही. म्हणजे पोचले, पण टाचा उंचावून फळीवरचा डबा काढावा तशी. परत लावला, तेच. त्याने काही न बोलता हात पुढे करून तारा धरल्या, पेटी ओढली आणि एकेक पट्टी उतरत गेला. तिसऱ्या पट्टीला माझा आवाज सुटला. मोकळा, जरा जाड. हा आवाज माझा आहे हे मला माहीतच नव्हतं.

"पांढरी चार," तो म्हणाला. "ताई, हा तुमचा नव्हे. इतक्या खाली उतरवला तर तारा ढिल्या पडतात, बोलत नाहीत."

मी बसून राहिले. म्हणजे बदलापूरहून तो तंबोरा आज कुणी आणून माझ्या मांडीवर ठेवला असता, जवारी काढून, नव्या तारा घालून, तरी तो मला चालला नसता. त्या आवाजाची मुलगी घरात नाही. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, पण रिक्षात बसताना जे होतं तेही राहिलं नव्हतं. कारागिराने तेवढ्यात मागच्या रांगेतून दुसरा तंबोरा काढला. त्याचा भोपळा मोठा होता, दांडी माझ्या कपाळाच्याही वर गेली. तारा चढवायच्या बाकी होत्या.

"याला पंधरा दिवस लागतील. घरात जागा आहे ना?"

मी बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. हॉलमधल्या सायकलच्या मागचा कोपरा मोजायला सांगितला.

"आत्ता? कशाला गं?"

"मोज तर."

टेप शोधताना खण उघडल्या-मिटल्याचे आवाज आले. मग टॉवेल काढल्याचा, मग सायकल सरकवल्याचा. दुकानात तो तिकडे पेटीवर पांढरी चार दाबून ठेवून माझी वाट बघत होता.

"बावीस इंच," नवरा म्हणाला. "आणि इथे खाली एक मणी सापडलाय. कसला आहे गं हा?"